तपासणीची तालीम

“मान वर. आता थांब. आता हस. अगं, एवढं नको, दात मोजतील!”

पडद्यामागून कुजबुजणारा आजोबांचा तो आवाज ताईला अजून ऐकू येत असे. आईचे वडील नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. राजांना, प्रधानांना, विरहात जळणाऱ्या नायिकांना त्यांनी अंधारातून शब्द पुरवले, आणि कंपनी बुडाली तेव्हा तेच काम घरी सुरू केलं. पाहुणे येणार म्हटलं की आधी तालीम. डॉक्टरांकडे जायचं तर कुठे आणि कसं दुखतं याची तालीम. एकदा कुणाच्या तरी सांत्वनाला जायचं होतं, तेव्हा आजोबा स्वतः गेलेल्या माणसाच्या जागी आडवे झाले, आणि सगळ्यांचं रडणं नीट बसेपर्यंत उठले नाहीत.

त्यामुळे ताईला एक खोड लागली ती लागलीच. “बाळ, तुला काय आवडतं?” असं कुणी विचारलं की ती आधी पडद्याकडे बघायची.

आजोबा गेले, पडदे विरले, ताईच्या कानशिलावर चांदी उतरली. तालीम मात्र चालूच राहिली. आजोबांची गादी आता मामाकडे होती. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, टपाल खात्यातून निवृत्त झालेला आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाला हाताखालचा नट समजणारा.

“जागा घ्या!” मामा ओसरीवरून ओरडला. “बाई दुपारी येणार. त्याच्या आत एकदा सगळं बसलं पाहिजे.”

घर अजून त्यांचं नव्हतं. घरमालकाने किल्ली तेवढी दिली होती. गावाच्या टोकाला दोन खोल्या, स्वयंपाकघर, समोर ओसरी, मागे लिंबाचं झाड. रंग उडालेलं, पण पाय रोवून उभं. आज तपासणीत बसलं तर तुमचं, नाहीतर उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, असं मालकाने स्वच्छ सांगितलं होतं.

बँक कर्ज देणार होती आणि बँकेला हमी सरकार देणार होतं. म्हणून अटी सरकारच्या होत्या. घर गावात हवं, साधं हवं, गळकं नको. तिथे दुकान-धंदा नको. ज्याच्या नावावर कर्ज, त्याने स्वतः राहायला हवं. आणि घरात राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांची कमाई मिळून ठरलेल्या मर्यादेत बसायला हवी. ताई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिचा पगार त्या मर्यादेत पाय पसरून बसत होता. पण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या धाकट्या भावाचा पगार, वहिनीच्या केकचे पैसे आणि मामाचं पेन्शन हे सगळं आत घेतलं की मर्यादेचं दार लागत नव्हतं.

म्हणून ठरलं होतं असं: राहणार ताई आणि आई. बाकीचे पाहुणे. कर्ज मंजूर झालं की पाहुणे येतील आणि जायचं विसरतील.

“धाकट्या, पाहुणा असा कोचावर लोळतो का?”

“मामा, हा कोच नाहीये. पोतं आहे.”

“मग पोत्यावर पाहुण्यासारखा बस. आणि सूनबाई, पाहुण्या बायका स्वयंपाकघराची भिंत वितीने मोजत नाहीत.”

“मोजत नव्हते, मामा. नुसता हात फिरवत होते.”

“वितीवितीने?”

वहिनीने हात पदराखाली घेतला. भट्टी कोणत्या कोपऱ्यात बसेल ते तिला कळलं होतं. खिडकीजवळ. म्हणजे केक बाहेर काढताना वास थेट रस्त्यावर जाईल, आणि रस्ता थेट आत येईल. हे तिने अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मामाला सांगितलं होतं, पण ते लाच देऊन.

आई केर काढत होती आणि केरसुणीच्या लयीत काहीतरी जुळवत होती,

“घर बाई घर, घराला दारं दोन,
एका दारी मी गं, दुसऱ्या दारी कोण?”

“अक्का, बाई आल्यावर हे म्हणू नकोस,” मामा म्हणाला. “तिला वाटेल, दुसऱ्या दाराने कुणीतरी राहायला येतंय.”

ताई मागच्या खोलीत होती. शहरातल्या त्यांच्या जागेत पाचजणांना दोन खोल्या होत्या. ताईची गादी बाहेरच्या खोलीत. सगळे झोपल्याशिवाय ती पसरता येत नसे आणि कुणी उठायच्या आत गुंडाळावी लागे. या मागच्या खोलीला आतून कडी होती. ताईने सकाळपासून ती उगाचच लावून काढून पाहिली होती. घर आईसाठी घ्यायचं, असं तिने पहिल्या दिवशीच जाहीर केलं होतं. आईसाठी म्हटलं की या कुटुंबात कुणाचं तोंड उघडत नसे. तिच्या मनात एक दुसरं वाक्य होतं. ते तिने कुठल्याच तालमीत येऊ दिलं नव्हतं.

“पोरी, बाहेर ये!” मामाची हाक आली. “तपासणीची बाई झालेली आपली नर्स आता येईलच. माझ्या नाटकातली आहे. एके काळी तिने नुसतं बघितलं तरी पुढची रांग रडायची.”

म्हणजे मामाने तपासणीच्या बाईंच्या भूमिकेसाठीही माणूस ठरवला होता. पलीकडच्या गावातली निवृत्त नर्स, हौशी रंगभूमीवरची त्याची जुनी सहकारी. जुन्या नाटकाच्या पिवळ्या पडलेल्या पत्रिकेवरच्या फोटोखेरीज घरच्या कुणीच तिला पाहिलं नव्हतं. मामानेसुद्धा पाहून एक जमाना झाला होता.

*

खऱ्या तपासणीच्या बाई दुपारीच यायच्या होत्या. पण त्याआधी जे घर बघायचं होतं, तिथे समोरची भिंत होती आणि तिच्यामागे घर नव्हतं. त्यामुळे ते काम लवकर आटोपलं. बाईंनी तोंडावर पाणी मारलं, खांद्यावरची पिशवी सावरली आणि इकडे आल्या.

फाटक उघडं होतं. ओसरीवर एक म्हातारा हातवारे करत होता, एकजण पोत्यावर ताठ बसला होता.

“नमस्कार. मी गृहकर्जाच्या तपासणीला आले आहे.”

म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या.

“वा! काय एन्ट्री! पण आवाज, बाई, आवाज! एवढ्या गोड आवाजाला कोण भिणार? पुन्हा जा. फाटकापासून ये.”

“अहो, मी खरंच...”

“हां, हे ‘खरंच’ छान आहे. ते ठेव.”

बाईंनी या नोकरीत बरंच पाहिलं होतं. सकाळीच ओल्या भिंतीला रंग फासणारे पाहिले होते. तो रंग अजून त्यांच्या एका साडीच्या काठाला होता. कमावत्या सासऱ्याला कपाटात बसवणारे पाहिले होते. सासरा शिंकला होता. पण फाटकापर्यंत परत कुणी पाठवलं नव्हतं. नुसत्या कुतूहलापोटी त्या गेल्या, आणि परत आल्या.

“नमस्कार! मी तपासणीला आले आहे!”

“पुष्कळ सुधारणा,” मामा म्हणाला. “किती वर्षांनी बघतोय तुला! पण तू उंच कशी झालीस गं? माझ्या खांद्याला लागायचीस.”

“मी तुमच्या नाटकात नव्हते.”

“तेव्हा समीक्षकही हेच म्हणाले होते. मनावर घेऊ नकोस.”

आतून आई पाणी घेऊन आली. “बसा हो. आमच्या भावाने लांबून बोलावलं तुम्हाला, उगाच तसदी. खरी बाई येईपर्यंत जरा टेका.”

तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं. पुन्हा एकदा सांगावं, ओळखपत्र दाखवावं, असं त्यांच्या मनात आलंही. पण आयुष्यभर त्यांना तालमीनंतरचं नाटकच बघायला मिळालं होतं. त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “बरं. घरात राहणार कोण?”

“असं नाही! दम दे. भुवया वर.”

बाईंनी भुवया वर केल्या. “राहणार कोण?”

“मी आणि आई,” ताई म्हणाली. पाठ केलेलं, सपाट.

“आणि हे?”

“मी पाहुणा,” धाकटा पोत्यावरून म्हणाला. “बहिणीकडे आलोय. संध्याकाळी जाणार. मला इथलं हवामान मानवत नाही.”

“हवामानाचं काढून टाक,” मामा म्हणाला. “आणि बाई, इथे तू संशय घ्यायचा. विचार, पाहुण्याच्या खिशात माप घ्यायची टेप कशाला?”

“पाहुण्याच्या खिशात टेप कशाला?” बाईंनी विचारलं.

आता हा प्रश्न तालमीत नवा होता. धाकट्याने खिशावर हात ठेवला, मामाकडे बघितलं, आणि सकाळपासून पोत्यावर ताठ बसल्याचा सगळा राग बाहेर आला.

“कारण पुढची खोली माझी आहे! तिथे माझा पलंग बसतो का ते बघायचंय!”

“पुढची खोली माझी ठरलीये,” मामा म्हणाला.

“कुणी ठरवली?”

“सूनबाईने.”

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. ती लिंबाच्या झाडाकडे बघत होती. “अहो, मामा सकाळी लवकर उठतात. मला पीठ चाळून देणार आहेत.”

“कसलं पीठ?”

“केकचं. भट्टी टाकली की लागेल ना.”

“भट्टी?” बाई मध्येच म्हणाल्या. “या योजनेतल्या घरात धंदा चालत नाही.”

“बघा, बघा!” मामा हरखला. “काय तयारी करून आलीये! शिका जरा!”

“मामा, माझी बायको तुम्ही फोडलीत!”

“फोडली कसली? तू तिला भट्टीला कधी हो म्हणालास? मी म्हणालो. मर्यादा ओलांडतोय तुझा पगार, आणि खोली मीच सोडायची?”

“तुमचं पेन्शन काय मर्यादेच्या बाहेर चप्पल काढून बसणार आहे?” धाकटा ताईकडे वळला. “ताई, तू सांग यांना. घर तुझ्या नावावर होणार आहे. मी तुझा सख्खा भाऊ. हे नुसते मामा.”

“नुसते मामा!” मामा छातीला हात लावून खाली बसला. त्याला ही जागा तालमीशिवायही येत होती.

“ताई, तुम्ही माझ्या बाजूने बोला हो,” वहिनी म्हणाली. “तुम्हाला काय, तुम्ही कुठेही झोपता.”

कुठेही झोपता. वहिनी हे वाईट मनाने म्हणाली नव्हती. उलट कौतुकाने म्हणाली होती. आणि म्हणूनच ते ताईच्या अंगात खिळ्यासारखं शिरलं. तिचं लक्ष पाहुण्या बाईकडे गेलं होतं. ही नर्स किल्लीच्या टोकाने भिंत ठोकून कान लावत होती. मग तिने बादली पालथी घातली, वर चढून छताची कौलं बघितली, उतरून नळ सोडला आणि पाणी चाखलं. भूमिकेत इतकं कुणी शिरत नाही.

“तुम्ही...” ताई म्हणाली.

त्याच वेळी फाटक धाडकन उघडलं.

“हलू नका कुणी! मी तपासणी अधिकारी!”

आत आली ती मामाच्या खांद्याला लागेल एवढी बाई. कुणाचातरी पुरुषी कोट, बगलेत भलीमोठी बॅग, नाकावर जाड काळी फ्रेम. त्या फ्रेमला काचा नाहीत, हे ताईला फाटकापासूनच दिसलं.

“छत गळतं! भिंत ओली! नळाला पाणी नाही! नामंजूर!” ती ओसरीवर चढता चढता गरजली.

“छत कोरडं आहे,” पहिल्या बाई शांतपणे म्हणाल्या. “भिंतही. पाणी गोड आहे.”

“तुम्ही कोण?”

“तपासणी अधिकारी.”

नर्सने आपली फ्रेम नाकावर सरकवली आणि मामाकडे पाहिलं. “दोन-दोन ठेवल्यास? मला तर एकटीचं काम सांगितलं होतंस.”

नळ उघडाच राहिला होता. आई जाऊन तो बंद करून आली. मामा हळूहळू उठला आणि धाकट्याशेजारी पोत्यावर बसला. मघापासून पहिल्यांदाच दोघांचं त्या पोत्यावर भांडण झालं नाही.

“म्हणजे तुम्ही...” मामा म्हणाला.

“मी त्या नाटकात नव्हते,” बाई म्हणाल्या.

“बाई, तुमचं चुकतंय बरं का,” नर्स मायेने म्हणाली. “एवढ्या मवाळपणे विचारलंत तर लोक खरं कसं बोलतील?”

*

वहिनीने सोबत आणलेल्या स्टोव्हवर बाईंना चहा केला. साखर दोनदा पडली, कारण लक्ष दुसरीकडे होतं. तिला भट्टीचं वाईट वाटत होतं. पण त्याहून वाईट वाटत होतं ते ताईंकडे बघून. ताई मागच्या खोलीच्या दाराला टेकल्या होत्या आणि चौकटीवरून बोटं फिरवत होत्या. निघताना लहान मुलाच्या केसांवरून फिरवावीत तशी. इतकी वर्षं एका घरात राहून वहिनीने त्यांना कशावरही असा हात ठेवताना बघितलं नव्हतं.

“अहो,” तिने नवऱ्याला हळूच म्हटलं, “आपण गप्प बसू या आता.”

“मी कधीचा गप्प आहे.”

बाईंनी चहा संपवला.

“घर पास आहे,” त्या म्हणाल्या. “साधं आहे, पक्कं आहे, गावात आहे. अडचण माणसांची आहे. मघाशी जे ऐकलं ते मला कुणी खरं म्हणून सांगितलं असतं, तर पिशवी उचलून मी निघाले असते. पण तुम्ही ते तालमीत बोललात, आणि मीही थांबवलं नाही, ते माझंही चुकलंच. तेव्हा आता तालीम नाही. एकदाच विचारते. या घरात राहणार कोण?”

कुणी भुवयांबद्दल बोललं नाही.

“आई आणि ताई,” धाकटा म्हणाला. त्याने पाहुणेपणा सोडून दिला होता. “बाई, खरं सांगतो. आम्ही नाही येत. राहतो तिथेच राहू. पण हे घर ताई आईसाठी घेतेय. एवढं होऊ द्या.”

“हो, अक्कासाठीच,” मामा म्हणाला. “मीही नाही येत. पेन्शनसकट लांब राहतो. अक्का, बोल. म्हण, ‘मी आणि माझी लेक.’”

आईने केरसुणी भिंतीला टेकवली.

“मला नाही यायचं,” ती म्हणाली.

“अक्का!”

“अक्का काय अक्का? मला विचारलं का कुणी? तिथे जिन्यात माझ्या चारजणी आहेत. संध्याकाळी पायरीवर बसलो की सगळ्या बिल्डिंगीचा हिशेब होतो आमच्याकडे, कोण आलं, कोण गेलं, कुणाचं बिनसलं. इथे मी बोलू कुणाशी? त्या लिंबाशी? काय विचारू त्याला, आज किती लागली म्हणून?”

“मग तू आधी का नाही बोललीस?” धाकटा म्हणाला.

“मला वाटलं, पोरीला माझ्यासाठी काही करावंसं वाटतंय, तर करू दे. जन्मात पहिल्यांदा काही मागतेय, माझ्या नावाने का होईना. मोडता कशाला घालू? आले असते मी गुपचूप. लिंबाशी बोलले असते. पण ही बाई खरं बोला म्हणते, तर खोटं कसं बोलू?”

नर्सने काचा नसलेल्या फ्रेममधून बोट घालून डोळा पुसला.

बाईंनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. भाऊ येणार नव्हता, वहिनी येणार नव्हती, मामा येणार नव्हता, आणि जिच्यासाठी घर तीही येणार नव्हती. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“मग अवघड आहे,” त्या म्हणाल्या. “हमी राहणाऱ्या माणसाला मिळते. घराची गरज कुणाला आहे तेच मला दिसत नाहीये.”

त्या उठल्या. पिशवी खांद्यावर घेतली. ओसरीची पायरी उतरल्या.

“थांबा,” ताई म्हणाली.

मामा सवयीने पुढे वाकला आणि कुजबुजला, “म्हण, ‘आईचं मन वळवू, आठवडाभर...’”

“मामा, तुम्ही गप्प बसा.”

मामाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. या घरात ताईने कुणाला गप्प केल्याची आठवण कुणालाच नव्हती. ताईला स्वतःलाही नव्हती. तिचे कान लाल झाले, आणि तोंडून आवाज निघाला तो तिच्या ओळखीचा नव्हता. थोडा जाडा, थोडा चिरका, पण रस्त्यापर्यंत पोचेल एवढा.

“घर मला हवंय. आईसाठी नाही, माझ्यासाठी. आईचं नाव मी पुढे केलं, कारण माझं नाव सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, एकट्या बाईला घर कशाला? सकाळची बस आहे इथून, दुकानात वेळेवर पोचते मी, दोनदा जाऊन पाहिलंय. बाई, मी राहणार. मी एकटी राहणार. सकाळी उठल्यावर चहा उकळेपर्यंत मला कुणाशीही, अगदी कुणाशीही बोलायचं नाहीये. माझं तुमच्यापैकी कुणाशी भांडण नाही. तुम्ही या. दर रविवारी या, आईला घेऊन या, या नर्सबाईंनाही आणा. मी स्वयंपाक करीन, पोटभर जेवा, ओसरीवर लोळा, हवं तेवढं भांडा. आणि मग संध्याकाळी जा. सगळे जा.”

बाई पायरी पुन्हा चढल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.